गाडी थांबली होती

ठाकरवाडीचा चढ सायकलवरून कुणाच्यानेच चढवत नसे, माझ्याने तर नाहीच. काजूच्या कारखान्यातून सुटून मी त्या वळणाशी आले आणि उतरायला एक पाय खाली टेकवला, एवढ्यात मागून गाडी आली. हॉर्न नाही, काही नाही. मागच्या चाकाला धक्का बसला, सायकल एकीकडे आणि मी दुसरीकडे. रस्त्याच्या कडेला जांभा दगडाची उघडी घळ होती, तिच्यात पडले ती डाव्या हातावर. हातातून काहीतरी कट्‌दिशी वाजलं. घोट्यातूनही कळ आली. कार्तिक संपत आला होता, तिन्हीसांज झालेली, आकाशात अजून थोडा उजेड होता.

गाडी पुढे जाऊन थांबली. मागचे लाल दिवे लागले. एक दिवा लालबुंद आणि दुसरा फिका गुलाबी, कारण त्याची काच फुटली होती आणि तिच्यावर जिलेटिनचा कागद चिकटवला होता. तो गुलाबी दिवा आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरानेही ओळखला असता. नेरुरकर डॉक्टरांची पांढरी मारुती. खिडकीतून डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी मागे वळून बघितलं. आमची नजरानजर झाली असं मी म्हणणार नाही, पण बघितलं त्यांनी.

मी गप्प पडून होते.

मग दिवे विझले आणि गाडी चढावरून निघून गेली. आवाज कितीतरी वेळ ऐकू येत राहिला. त्या रस्त्याला संध्याकाळी चिटपाखरू नसायचं. अंधार दाटला, थंडी वाजायला लागली, हाताचा ठणका खांद्यापर्यंत चढला, तेव्हा तेल्यांचा टेम्पो आला. भिकू तेल्याला आधी सायकल दिसली, मग मी.

"गो बाये, तू राऊळांची चारू मा?" असं म्हणत त्याने मला उचललं, आणि नेलं कुठे? डॉक्टरांकडेच. दुसरीकडे कुठे नेणार? सात गावांना मिळून एकच डॉक्टर होता.

दवाखान्यात दिवा होता पण दार आतून बंद. भिकूने धडाधडा थापा मारल्या तेव्हा ते उघडलं. मला बघितल्यावर डॉक्टरांच्या तोंडावरचा रंगच गेला. मला बाकावर ठेवलं तर त्यांनी आधी माझं मनगट धरलं. मोडलेलं नव्हे, दुसरं. मी कण्हत होते, पाणी मागत होते, आणि हा माणूस आपला नाडी बघतोय! किती वेळ धरून होते. मग मटकन स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि रडायला लागले. अगदी लहान पोरासारखे, हुंदके देऊन.

भिकू टेम्पोतून उतरून दारात आलेल्या आपल्या बायकोला म्हणाला, "बघ गो, परक्याच्या चेडवासाठी डोळ्यांत पाणी काढता. देवमाणूस म्हणतत तो ह्योच."

काय बोलणार? माझी मती गुंग झाली होती. डॉक्टरांनी डोळे पुसले, पुठ्ठा लावून हात बांधला, घोट्याला पट्टी गुंडाळली आणि चिठ्ठी देऊन त्याच टेम्पोतून मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात धाडलं. बांधताना एकदाही वर बघितलं नाही त्यांनी.

तालुक्याला अपघाताची केस म्हणून हवालदार आला. जाडजूड, झोपाळलेला माणूस. खाटेशी बसून त्याने लिहायला घेतलं.

"गाडी कुणाची, कळलं का?"

"नेरुरकर डॉक्टरांची."

त्याची झोप उडाली. "नीट आठवून सांगा, बाई. त्यांनीच तर तुम्हाला इकडे पाठवलंय."

"आठवूनच सांगते. थांबले, बघितलं आणि गेले."

"मग तुम्ही ओरडला नाहीत? हाक मारली नाहीत?"

"नाही."

"का?"

मी डोळे मिटले. त्याने स्वतःच म्हणत लिहिलं, "वेदनेमुळे ओरडता आले नाही."

मी त्याला अडवलं नाही.

महिन्याभराने हात प्लास्टरमधून बाहेर आला तो किंचित वाकडाच. घोटा बरा झाला. तसं बघितलं तर किरकोळ दुखापत; सगळे तेच म्हणत होते. "कायव झाला नाय तुका, आणि पोलिसांत कित्याक गेलंस?" पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, जिथे जाईन तिथे हेच. मी पोलिसांत गेले नव्हते, पोलीस माझ्याकडे आले होते. पण ऐकतो कोण? मी काय खोटं बोलायचं होतं? मलाही राग यायचा. मी फटकळ आहे, लहानपणापासून, गिरणीत एकीला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला टाकून गेले असते म्हणजे कळलं असतं." त्या दिवसापासून माझं दळण सगळ्यांत शेवटी लागायचं.

आणि तरी मला त्यांचं कळतही होतं. आमच्या बाबांना धापेचा आजार. पावसाळ्यात आणि थंडीत छाती भात्यासारखी चालायची, ओठ निळे पडायचे. मग माझा भाऊ धावत जायचा आणि डॉक्टर असतील तसे यायचे. कधी लुंगीवर, कधी जेवणावरून उठून, हाताला भात तसाच. किती वेळा बाबांना त्यांनी परत आणलं असेल, मोजदाद नाही.

एक दिवस डॉक्टरांचे वकील, दळवी, आमच्या ओटीवर येऊन बसले. गोड बोलणारा माणूस. आईने चहा दिला, त्यांनी त्याचंही कौतुक केलं.

"चारुशीला, कायदा तुला सोप्या भाषेत सांगतो," ते म्हणाले. "गाडीचा धक्का लागणं हा काही मोठा गुन्हा नाही. कुणाकडूनही होतं. गुन्हा मोठा होतो तो निघून गेल्यामुळे. कायदा म्हणतो, थांबा, जखमी माणसाला मदत करा, पोलिसांना कळवा. जमाव मारायला उठला तर थांबू नका एक वेळ, पण मग सरळ पोलीस ठाणं गाठा. डॉक्टरांनी यांतलं काहीच केलं नाही. तिथे आम्ही अडकलोय."

"मग मी काय करू?"

"एक वाक्य. डॉक्टर थांबले, त्यांनी विचारलं, 'लागलं का?', आणि तूच म्हणालीस, 'नाही, तुम्ही जा.' एवढंच. केस तिथल्या तिथे बसते."

"असं झालं नाही, वकीलसाहेब."

"नाही झालं. पण झालं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?" त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघ, शिक्षा फार मोठी नाही होणार. पण डॉक्टरच जखमीला टाकून गेला असं कोर्टाने एकदा लिहिलं की त्यांच्या डॉक्टरकीच्या सनदेवर गदा येऊ शकते. सनद नाही राहिली तर माणूस ते वय घेऊन करेल काय? आणि ते तरी राहतील का इथे? सात गावांत दुसरा डॉक्टर कुठाय, सांग मला."

बाबा मागच्या पडवीत होते. वकील गेल्यावर खोकत खोकत बाहेर आले आणि खांबाला टेकून बसले.

"चारू, माझो जीव त्या माणसाच्या हातात आसा गो," एवढंच म्हणाले. वर बघितलं नाही त्यांनीही.

मला तेव्हा बाबांचा राग आला नाही. भीती वाटली. एका वाक्यावर माझ्या बापाचा श्वास टांगलाय, आणि ते वाक्य खोटं आहे.

केसची तारीख लागायला वर्ष गेलं. त्या वर्षभरात डॉक्टर आमच्याकडे येत नव्हते असं समजू नका. बाबांना धाप लागली की येत होतेच! मला वाटायचं, नाही येणार. पण भाऊ निरोप घेऊन गेला की मागोमाग ते हजर. चालत. गाडी त्यांनी त्या दिवसानंतर चालवलीच नाही. दवाखान्यामागे पत्र्याखाली उभी होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. इंजेक्शन देऊन झालं की मी त्यांच्या हातावर पाणी घालायची. घरातली रीतच होती तशी, मोडायची कशी? मी पाणी घालायची, ते हात धुवायचे, टॉवेल घ्यायचे. एक अक्षर नाही. एकदाच म्हणाले, "हात दाखव बघू." मी डावा हात पुढे केला. त्यांनी मनगट हळूच फिरवलं, अंगठ्याने हाडावर दाबलं. ओठ हलले त्यांचे, काहीतरी विचारायचं होतं नक्की. पण आतून बाबांनी हाक मारली आणि ते उठले.

त्या दिवसांत मला संध्याकाळ नकोशी व्हायची. डोळे मिटले की ते दोन दिवे. एक लाल, एक गुलाबी. विझायचे, परत लागायचे.

तारखेच्या आदल्या आठवड्यात रवळनाथाची जत्रा आली. आमच्याकडे जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव मोठ्याने गावाचं सुखदुःख देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक मागणीला जमलेले सगळे एका तोंडाने 'होय म्हाराजा' म्हणतात. आईच्या कडेवर असल्यापासून मी म्हणत आले. ते बोलायला डोकं लागत नाही, शिंक यावी तसं आपोआप येतं.

देऊळ माणसांनी फुललं होतं. मी खांबामागे बायकांत उभी होते. गुरवाने नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"हे बा देवा रवळनाथा! तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत, तेंका सुखाचे दिवस दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"गुराढोरांची, शेतीभातीची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि आमच्या डॉक्टराच्या पाठसून जी कोर्टकचेरीची पिडा लागली आसा, ती दूर कर, काय चुकला माकला असात ता पोटात घाल, आणि तेका गावातच सुखाचो ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझ्या तोंडूनही गेलं. सगळ्यांबरोबर, मोठ्याने, हात जोडून. गेल्यावर मला कळलं. शेजारच्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या. प्रसाद घेईपर्यंत ही बातमी देवळाच्या बाहेर दुकानांपर्यंत पोचली होती. राऊळांची चारू देवासमोर होय म्हणाली. शब्द दिला. लोकांनी बाबांच्या पाठीवर थापा मारल्या. गिरणीवाली स्वतःहून बोलली, "उद्या येवा, दळान पयला तुमचा."

बाबा त्या रात्री वर्षभराने पोटभर जेवले. मला घास गिळवेना. चुलीपाशी आई भांडी घासत होती, तिच्याजवळ जाऊन बसले.

"आये, देवाक होय म्हणलंय मी. आता?"

आई तशी कमी बोलायची. तिने राखेचा हात तसाच ठेवला. "तू होय म्हणलंस ता डॉक्टराचा बरा होवंदे म्हणान. खोटा बोलतंय असा खंय म्हणलंस?" आणि पुन्हा घासायला लागली.

कोर्टात अख्खा गाव लोटला होता. एसटी भरून आले होते सगळे, आणि येताना मला खिडकीची जागा दिली होती. डॉक्टर पांढरा शर्ट घालून बसले होते. एका वर्षात केवढे म्हातारे झाले होते! त्यांच्याजवळ बाबा. बाबांची छाती सकाळपासून घरघरत होती आणि डॉक्टर मधूनच त्यांच्याकडे वळून बघत होते, स्वतःची केस असून.

सरकारी वकिलाने आधी धक्क्यापर्यंतचं विचारलं, ते मी सांगितलं. मग दळवी उठले. हसून, अगदी मायेने विचारलं.

"चारुशीलाबाई, धक्का लागल्यावर गाडी थांबली होती, हे खरं ना?"

"खरं."

"शाब्बास. आणि डॉक्टरांनी थांबून तुमची विचारपूस केली. 'लागलं का?' म्हणून विचारलं. बरोबर?"

बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, शीळ घातल्यासारखा. मी बाबांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. ते माझ्याकडेच बघत होते, त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ. एवढंसं वाक्य, बोलून टाकलं असतं तर सगळे सुटले असते. मीसुद्धा.

"गाडी थांबली होती," मी म्हटलं. "डॉक्टर नाही थांबले."

मागे एकच कालवा झाला. कुणीतरी मला शिवी हासडली. दळवी पुढचा प्रश्न विचारायला लागले तर डॉक्टरच उभे राहिले आणि म्हणाले, "दळवी, पुरे. साहेब, मला गुन्हा कबूल आहे. ती खरं सांगते आहे."

मॅजिस्ट्रेटने त्यांना दोनदा विचारलं, नीट समजून बोलताय ना म्हणून. मग निकाल दिला. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. मला वाटलं बेड्या घालून नेतील. तसं काही नसतं. कोर्टाचं दिवसभराचं काम संपेपर्यंत त्या खोलीतच बाकावर बसून राहायचं, एवढीच ती कैद. डॉक्टर कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले, मांडीवर हात ठेवून. दुसऱ्यांच्या केसेस चालू झाल्या, बांधाच्या, मारामारीच्या.

गाव दुपारच्या एसटीने परत गेला. बाबाही गेले. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि त्या गाडीत मला चढवलं नसतं. मी व्हरांड्यात बसून राहिले. दाराच्या फटीतून तो बाक दिसत होता. ते हलले नाहीत, पाणी प्यायलाही उठले नाहीत.

कोर्ट उठलं तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टर बाहेर आले, मला बघून थबकले. मग माझ्या शेजारी, जरा अंतर ठेवून, पायरीवर बसले.

"थंडीत दुखतो का हात?"

"दुखतो."

"शेकत जा मिठाने. चारू, मी तुझ्यावर रागावलो नाही. हे तुला सांगायचं होतं."

"मग निघून का गेलात त्या दिवशी?" माझा आवाज चढला. वर्षभर कोंडून ठेवलेला प्रश्न होता तो. "तुम्ही डॉक्टर ना? परक्या गाडीने मला उडवलं असतं आणि तुम्ही मागून आला असतात, तर थांबला असतात ना?"

"थांबलो असतो."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला नाही. "मला वाटलं, तू गेलीस. तू हलली नाहीस, कण्हली नाहीस. अंगाचं मुटकुळं झालेलं दिसलं फक्त. मनात आलं, मेलेल्या माणसाला डॉक्टर आता काय करणार? दिवे लागले होते ना मागचे, तेवढाच वेळ मी हा विचार केला. तेवढा पुरला मला पळून जायला. भिकू तुला घेऊन आला तेव्हा मी नाडी बघत राहिलो, माझा विश्वासच बसेना. एकदा जरी ओरडली असतीस, पोरी, तर मी धावत आलो असतो. देवाशपथ आलो असतो. वर्षभर एकच विचारायचंय मला. तू ओरडली का नाहीस?"

हवालदाराने विचारलं होतं तेच. त्याला नव्हतं सांगितलं, आईलाही नाही.

"तो गुलाबी दिवा दिसला ना," मी म्हटलं. "तुमची गाडी ओळखली. म्हटलं, आपले डॉक्टरच आहेत. आता कशाला ओरडायचं?"

डॉक्टर पायरीवर बसून राहिले. शिपायाने मागे दाराला कुलूप घातलं, तो निघून गेला, तरी बसून राहिले. शेवटच्या एसटीला मी एकटीच चढले.

सनदबिनद काही गेली नाही त्यांची. तिकडून कुणी विचारलंदेखील नाही. पण शिमग्यानंतर दवाखाना बंद करून ते बेळगावला भावाकडे निघून गेले. जायच्या आधी बाबांना तपासून गेले, औषधं ठेवून गेले. तिसऱ्या पावसाळ्यात बाबांना धाप लागली, तालुक्याला नेताना जीपमध्येच गेले. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

आता माझी नातवंडं शाळेत जातात. लोकांना वाटतं, मला गाड्यांची भीती बसली असेल. भीती नाही हो. तिन्हीसांजेला रस्त्याने चालताना पुढची एखादी गाडी थांबते, तिचे लाल दिवे लागतात, आणि माझे पाय जागच्या जागी खिळतात. भीती मागाहून येते. आधी, मेलं, अजून बरंच वाटतं. हुश्श होतं. वाटतं, आला कुणीतरी, आता उतरेल.